मामींचा घट आणि माझे गव्हांकुर

हसायचं तर हसा, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. लोक सासूशी भांडतात, सासूला घाबरतात, सासू आली की ऑफिसात उशिरापर्यंत काम काढतात. मी माझ्या सासूबाईंसाठी जीव टाकला, आणि त्या पिशवी भरून स्वारगेटला निघाल्या! आता बोला!

सुरुवातीपासूनच सांगतो. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांचा सुकाळ नुकता सुरू झाला होता. मी हिंजवडीला एका कंपनीत टेस्टर होतो. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकणारा माणूस. सकाळी बिबवेवाडीहून कंपनीची बस पकडायची, दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या चुका काढायच्या आणि कंपनीचे फुकटचे सामोसे खायचे. पुणेरी माणसाला यापेक्षा सुखाची नोकरी असते का?

एकदा कंपनीत रक्ततपासणीचं शिबिर झालं. डॉक्टरांनी माझा कागद बघितला, मग मला बघितलं, मग परत कागद बघितला.

"वय काय तुमचं?"

"एकतीस."

"रक्त साठीला आलंय," ते म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

झालं! घरी येऊन बायकोला, म्हणजे रेखाला, कागद दाखवला आणि दुसऱ्या दिवशीपासून आमच्या घरातून तळण हद्दपार. मी ओट्स खायला लागलो. भिजलेला पुठ्ठा कधी खाल्लाय? नाही ना? मग राहू दे. त्यातच ऑफिसातल्या एकानं सांगितलं, गव्हांकुरांचा रस घे, रक्त आरशासारखं होतं. मी काही अर्धवट काम करणारा नाही. बाल्कनीत सात ट्रे मांडले, प्रत्येकावर वाराची चिठ्ठी. रोज एका ट्रेमध्ये गहू पेरायचे, रोज एक ट्रे कापायचा आणि रस काढून प्यायचा. चव? म्हशीच्या तोंडचा घास हिसकावल्यासारखी! पण चिकाटी सोडली नाही.

अशा त्या उपासमारीत आमच्या मामी आल्या. मामी म्हणजे सासूबाई. त्यांचं गाव सासवडच्या पुढे. सासरे आदल्या वर्षी गेले, शेत दिराकडे कसायला दिलं, आणि एवढ्या घरात मामी एकट्या. रेखानं आठ दिवसांसाठी म्हणून आणलं त्यांना. आठाचे साठ दिवस झाले, पण मामींचा जीव काही ठरेना. दर चार दिवसांनी एकच पालुपद.

"लेकीच्या दारात किती दिस ऱ्हायाचं? लोक काय म्हंतील?"

"कोण लोक, आई? इथं शेजारी कोण राहतं ते लोकांना माहीत नसतं," रेखा म्हणायची.

"मग तर लईच वाईट," मामी म्हणायच्या.

मी मात्र मनापासून सांगतो, त्या जाऊ नयेत असं सगळ्यात जास्त मला वाटत होतं. कारण काय ते ऐका. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या वाटीतले ओट्स बघितले. बोटानं ढवळले. "आजारी हायसा का?" असं विचारलं आणि वाटी उचलून नेली. त्या दिवशी मला मोड आलेल्या मटकीची उसळ मिळाली, वर कच्चा कांदा. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या लाह्या, तिखटमीठ लावून, त्यात भाजलेले शेंगदाणे. मग हुलग्याचं माडगं, बाजरीची खिचडी, नाचणीची आंबील. कशात तूप नाही, कशात तळण नाही, आणि मी ताट चाटून पुसून ठेवतोय! मार्केट यार्डातून धान्य आणायलाही मामी स्वतः यायच्या. मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन फुंकर मारायच्या आणि व्यापाऱ्याकडे अशा बघायच्या, की तो बिचारा न सांगता दुसरं पोतं उघडायचा.

आणि बाल्कनी! मी वर्षभर खपून तिथे एकूण चार मिरच्या पिकवल्या होत्या, त्यातली एक चिमणीनं नेली. मामींनी दोन महिन्यांत जुन्या बादल्यांत मेथी, तांदुळजा, घेवडा लावला आणि कपडे वाळवायच्या दोरीवर दोडका चढवला. संध्याकाळी दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची. मी कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या त्या चटणीचा विचार करायचो. लग्न ठरलं तेव्हा रेखाचा केला नव्हता एवढा! हे तिला सांगू नका.

पण एक गोष्ट मला दिसत होती. घेवड्याला पाणी घालता घालता मामी मधेच थांबायच्या आणि गजांतून बाहेर बघत राहायच्या. बाहेर काय, तर समोरच्या इमारतीची भिंत. ज्या बाईनं चाळीस वर्षं बांधापर्यंत नजर टाकली, तिच्या नजरेला आम्ही दहा फुटांवर भिंत दिली होती. मला फार वाईट वाटायचं. बोलायला मात्र जमायचं नाही. "मामी, राहा ना," एवढे तीन शब्द! पण जावई आणि सासू यांच्यात मानच एवढा असतो, की माया बोलायला जागा उरत नाही.

तेवढ्यात नवरात्र आलं. मामींनी घट बसवायचा ठरवला. गावाहून येताना पिशवीभर काळी माती आणलेलीच होती, आपल्या शेतातली. ती परडीत पसरली, त्यात धान्य पेरलं, मधोमध पाण्याचा घट ठेवला, शेजारी दिवा. नऊ दिवस नऊ माळा. तुम्हाला माहीतच आहे, घटाभोवतीचं धान दाट उगवलं की घराला बरकत. मी दारात बूट घालत होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून मामींचं बोलणं कानावर आलं. त्या रेखाला सांगत होत्या, "आता ह्या घटावरच ठरवते बघ, ऱ्हायाचं का जायाचं. धान कसं येतंय बघू..."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. बस चुकली असती. आणि ऐकायचं तरी काय होतं? धान दाट आलं की मामी राहणार, विरळ आलं की जाणार. शेंबड्या पोरालाही कळेल!

चौथ्या माळेला मी सहज डोकावलो. परडीत दहा-बारा काटक्या उगवल्या होत्या, त्याही पिवळट. फ्लॅटमध्ये ना ऊन, ना वारा. पाचव्या माळेला तीच गत. मामी घटासमोर बसल्या होत्या. "हितली हवा मानवंना ह्याला," एवढंच म्हणाल्या. ते धानाबद्दल होतं की स्वतःबद्दल, कोण जाणे.

आता मी काय करावं? एकीकडे परडीत दुष्काळ, आणि दुसरीकडे बाल्कनीत माझे सात ट्रे, त्यातले दोन तर वीतभर हिरवेगार!

सहाव्या माळेला मामी आणि रेखा सकाळी भवानी पेठेत देवीच्या दर्शनाला गेल्या. मी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं. डोक्यावरून आंघोळ केली, देवीला हात जोडले. म्हटलं, आई, हेतू बघ, हात बघू नकोस. मग शुक्रवारचा ट्रे आणला. गव्हांकुरांची मुळं गुंतून चटईसारखी होतात, तुकडे करून अल्लद उचलता येतात. ते तुकडे घटाच्या चारी बाजूंनी मातीत बसवले. त्या पिवळ्या काटक्या बाजूला सारून झाकून टाकल्या. कमी वाटलं म्हणून शनिवारचा ट्रेही संपवला. बघतो तर काय, देवीच्या पायाशी पंचतारांकित हॉटेलची हिरवळ!

दोघी परत आल्या. मामी घटासमोर उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. मग वळून माझ्याकडे बघितलं. रेखा म्हणाली, "किती छान आलं गं धान!" आणि पदरानं डोळे टिपले. मला वाटलं, आनंदाश्रू! मलाही भरून आलं.

पुढे जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. शेजारच्या परांजपे काकू हळदीकुंकवाला आल्या आणि त्यांनी सगळ्या इमारतीत दवंडी पिटली. शिंद्यांच्या, म्हणजे आमच्या, घरी देवी प्रसन्न झाली, चार तासांत वीतभर धान! बायका दर्शनाला यायला लागल्या. खालच्या मजल्यावरच्या एकीनं तर परडीसमोर मुलाचं ऑक्टोबरच्या बारावीच्या परीक्षेचं हॉल तिकीट ठेवलं. मामी सगळ्यांना कुंकू लावायच्या आणि गप्प बसायच्या. मला वाटलं, भक्तीनं भारावल्यात.

आठव्या माळेला नवं संकट. गव्हांकुर फार वाढले की माना टाकतात. टाकल्या! मग पुन्हा सगळ्यांची नजर चुकवून मी कात्री घेतली आणि शेंडे एका रेषेत कापले. संध्याकाळी परांजपे काकू आल्या. चष्मा वर करून बघितलं, मग मला बघितलं.

"शिंदे, देवीला न्हावी कोणता लावलाय हो?"

मी हसून वेळ मारून नेली.

दसरा उजाडला. घट हलला. मामींनी प्रत्येकाच्या कानाला धान खोचलं, माझ्याही. पुरणपोळी झाली. मी सुस्तावून सोफ्यावर पडलो, मनात म्हटलं, जिंकलो! आता मामी इथल्या झाल्या.

आणि डोळे उघडले तर मामी समोर. नवं लुगडं नेसलेलं, हातात पिशवी. मागे रेखा रडतेय.

"येते मी जावईबापू. साडेचारची यष्टी घावंल सोरगेटला."

"अहो, पण का? धान तर एवढं दाट आलंय!"

"म्हणून तर चाललीये की."

मी रेखाकडे बघितलं. ती हुंदके देत म्हणाली, "अहो, घट बसवला तेव्हाच नाही का आई बोलली? तुम्ही दारातच होतात. धान दाट आलं म्हणजे लेकीचं घर भरलेलं, मग मी सुखानं जाते. विरळ आलं तर समजायचं, लेकीला अजून माझी गरज आहे, मग राहते."

माझ्या कानातलं धान गळून पडलं. म्हणजे त्या दहा-बारा पिवळ्या काटक्या मामींना राहा म्हणत होत्या, आणि मी त्यांच्यावर हिरवळ घालून सासूला निरोप दिला होता!

आता लपवून काय उपयोग? मी सोफ्यावरून उठलो, मामींच्या हातातली पिशवी धरली आणि भडाभडा सगळं ओकलो. ट्रे, चटई, शुक्रवार, शनिवार, कात्री, सगळं. रेखानं रडायचं थांबवून कपाळाला हात लावला.

मामी मात्र शांत. "ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

"ठाव... म्हणजे? कधीपासून?"

"त्याच दिशी. म्या जोंधळा पेरलेला. उगवला गहू! चाळीस वर्सं रान केलंय, मला काय डोळं न्हाईत? जोंधळ्याचं पान रुंद असतंय, गव्हाचं बारीक."

"मग बोलला का नाहीत?"

मामींनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले आणि सोडले. "काय बोलायचं? म्हटलं, तुमी दारातून समदं ऐकलंय. धान दाट आलं की म्हातारी जाणार, म्हणून जावयानं रान करून दावलं. मला घालवायची इतकी घाई झालीय त्यास्नी. रेखाला सांगितलं असतं तर तुमच्या संसारात इख कालवल्यागत झालं असतं. म्हणून गप ऱ्हायले."

विचार करा! चार दिवस ही बाई दिव्यात तेल घालत होती, येणाऱ्याजाणाऱ्याला कुंकू लावत होती, आणि मनात एकच गोष्ट घेऊन बसली होती, की जावयाला मी नकोशी झालेय. आणि मी त्या चार दिवसांत तिच्या हातचं पोटभर जेवून खुशीत ढेकर देत होतो! तुम्हाला हसू येतंय, येऊ दे. मला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जे तीन शब्द तोंडानं बोलायचे, ते मी देवीच्या परडीत पेरायला गेलो होतो.

शेवटी बोललो. "मामी, राहा ना." आवाज चिरका निघाला. "मला तुम्ही हव्या आहात. म्हणून केलं. तुम्ही राहावं म्हणून."

मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. पण खांदे हलायला लागले आणि कळलं, हसतायत! हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग त्यातलं हसणं किती आणि रडणं किती ते त्यांनाच ठाऊक. रेखाही हसायला लागली. दार उघडंच होतं, परांजपे काकू सोनं द्यायला आलेल्या, त्याही काही न कळता उभ्या.

"अगं आई, मग राहतेस ना?" रेखानं विचारलं.

मामींनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसल्या.

"न ऱ्हाऊन सांगतीये कुणाला? ज्या माणसाला जोंधळा कंचा न् गहू कंचा कळंना, त्याच्या जिवावर लेक टाकून जाऊ व्हय मी?"

परांजपे काकूंनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आपट्याचं आहे बरं का, शिंदे. विचाराल म्हणून सांगितलं."