हर्णैचा पेंबर्टन मामा

एका उन्हाळ्यात मी चार महिने इंग्रज होतो.

ज्यांनी मला पाहिलंय ते हे वाचून हसतील. हसू द्या. जन्म हर्णैचा, आडनाव बुरोंडकर, धंदा पाइप फिटिंगचा, आणि सौदीच्या उन्हात सहा वर्षं काढल्यावर रंग असा झालेला, की विमानतळावरचा माणूस पासपोर्टातला फोटो बघून विचारायचा, "हा तुमचा भाऊ का?" पण इंग्रज होतो हे खरं. कागदोपत्री होतो. कागद इंटरनेटवर होता, एवढंच.

जेद्द्याच्या उत्तरेला तेव्हा किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी उभी राहत होती. म्हणजे सिटी नकाशात होती आणि वाळू उभी राहत होती, बहुतेक वेळा आमच्या डोळ्यांत. मी पाइपिंग फोरमन. पोर्टा केबिनमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर बाणकोटचा अन्वर, आमचा टाइमकीपर. माझी बायको सुमन आणि सात वर्षांची मुक्ता हर्णैला. दोन वर्षांतून एकदा मी महिनाभर घरी जायचो. एरवी मुक्ताचा आणि माझा संबंध फोनपुरता. एकदा तिने फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही उभे राहिलात की केवढे असता?" त्या दिवशी मी दोन पाइप उलटे जोडले.

तेव्हा मला हवं होतं फॅमिली स्टेटस. ते मिळालं की बायकापोरांना जेद्द्यात आणता येतं. त्याचे दोन फॉर्म. पहिला त्यांना तीन महिने पाहुणे म्हणून आणायचा, दुसरा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, करून कायम ठेवायचा. दोन्हींवर प्रोजेक्ट मॅनेजरची सही. पहिला फॉर्म मी तीनदा भरला आणि तीनदा परत आला. मग जुना मॅनेजर गेला आणि नवा आला. इंग्रज. नाव पेंबर्टन.

ते नाव पाटीवर वाचलं आणि माझ्या तोंडातला चहा तिथेच थांबला. कारण पेंबर्टन हा आमचा मामा!

आता हे नीट सांगायला हवं. माझ्या आईची आजी, गोदावरी, हिच्या घरासमोर हर्णै बंदरावर कस्टमचा बंगला होता. तिथे एडवर्ड पेंबर्टन नावाचा एकटा, उन्हाने सोललेला इंग्रज राहायचा. गोदावरीला भाऊ नव्हता. एका भाऊबीजेला तिने त्याला पाटावर बसवून ओवाळलं. पुढे त्याने दर दिवाळीला तिला लुगडं घेतलं, आणि तिच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या आजीच्या लग्नात अंतरपाटाशी नवरीच्या पाठीमागे मामा म्हणून तोच उभा राहिला, डोक्यावर हॅट आणि हॅटवर मुंडावळ्या. (मुंडावळ्या त्याला कोणी बांधल्या यावर घरात अजून दोन पक्ष आहेत.) तेव्हापासून तो आमचा पेंबर्टन मामा. मानलेला होता, हे कोणी बोलून दाखवत नसे. आमच्याकडे मानलेला आणि सख्खा असा फरक करणाऱ्याला त्या घरात दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.

मी साहेबांना गाठलं आणि सांगितलं, "सर, तुमच्या घरातला एडवर्ड म्हणून कोणी हर्णैला होता का? तो आमच्या पणजीचा भाऊ."

साहेब फार भला माणूस, पण चेहऱ्यावर काही उमटू न देण्याचा पगार घेत असावा. तो एवढंच म्हणाला की त्याच्या पणजोबांचा एक भाऊ हिंदुस्थानात कस्टममध्ये होता खरा, आणि इंग्लंडमधली त्याची ऑन्टी डोरोथी इंटरनेटवर घराण्याची वंशावळ लावत असते, तिला कळवा. ऑन्टी म्हणजे आत्या की मावशी, असं मी विचारलं. त्याला मिनिटभर आठवून बघावं लागलं. आत्या निघाली.

कॅम्पात इंटरनेट होतं ते अन्वरच्या कॉम्प्युटरवर. त्याने वंशावळीचं ते पान उघडलं, पण आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"मेल्या, इंग्रज व्हायला निघालास. आरशात बघून आलास ना?"

"तू टाइप कर."

नाव, गाव, सगळं झालं. मग आलं 'नातं'. बाण दाबला की खाली यादी पडायची. भाऊ, सावत्र भाऊ, एका आईचा भाऊ, एका बापाचा भाऊ, दत्तक भाऊ. अन्वरने यादी वरून खाली आणि खालून वर नेली. मानलेला भाऊ नव्हता. ज्या लोकांना आत्या आणि मावशी एकाच शब्दात बसवावी लागते त्यांच्याकडून मी अपेक्षा तरी काय करणार? सावत्र म्हटलं तर आईला काय वाटेल! मी म्हटलं, "भाऊ दाब." अन्वरने दाबलं. कॉम्प्युटरने क्षणभर विचार केला आणि गोदावरीला उचलून इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या पाद्रीबाबांच्या पोटी घातलं. पाद्रीबाबा म्हणजे एडवर्डचे वडील, रेव्हरंड पेंबर्टन. त्यांच्या आठ मुलांखाली नववी गोदावरी, तिच्याखाली आजी, आजीखाली आई, आणि अगदी तळाला, हेल्मेट घातलेल्या फोटोसह, मी.

आठवडाभरात मला इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून अकरा चुलतभाऊ झाले. ते विचारायचे, तुमच्याकडेही टक्कल लवकर पडतं का? पडतं, मी लिहायचो. गुडघे दुखतात का? आईचे दुखतात. पेंबर्टनांचे गुडघे निघाले तर मग! डोरोथीआत्याने मला 'डिअर कझिन' लिहिलं. अन्वर मला सकाळी सलाम ठोकून 'माय लॉर्ड' म्हणू लागला आणि माझ्या वाट्याची भाकरी काट्याचमच्यासकट पुढे ठेवू लागला.

घोळ सुरू झाला तो जुलैत. डोरोथीआत्याने विचारलं, गोदावरीचा जन्म इंग्लंडमधला का? मी लिहिलं, छे, ती हर्णै सोडून दापोलीपलीकडे गेली नाही. मग तिचं पत्र आलं. रेव्हरंड पेंबर्टन जन्मात आपलं खेडं सोडून गेले नव्हते. त्यांची मिसेस तर गेटबाहेरही नाही. मात्र त्यांच्या डायरीत एका हिवाळ्यात तीन महिने कोरे आहेत, बाजूला फक्त 'छातीच्या विकारासाठी हवापालट'. ही हवा हर्णैची होती काय?

मी आईला फोन लावला. म्हटलं, पणजीच्या जन्माचं काही आठवतं का.

"तिचं गोदावरी हे लग्नातलं नाव रे," आई म्हणाली. "माहेरची ती यमुना."

मी ही माहिती जशीच्या तशी कळवली. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात हे लिहायचं राहिलं. जगात सगळीकडे बदलत असतील असं मला वाटलं होतं! डोरोथीआत्याने यमुना वेगळी मांडली. आता पाद्रीबाबांना हर्णैला जुळ्या झाल्या.

पेंबर्टन घराण्यात फूट पडली. कॅनडावाले म्हणाले, रेव्हरंड ढोंगी होते, चर्चच्या हॉलमधली त्यांची तसबीर उतरवा. ऑस्ट्रेलियावाले म्हणाले, शाबास रेव्हरंड. सप्टेंबरात तसबीर उतरली. डोरोथीआत्याने मला पत्रात लिहिलं की लहानपणी ती त्या तसबिरीखाली बसून प्रार्थना शिकली होती, आता भिंतीवरचा पांढरा चौकोन बघवत नाही. हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं, खरं काय ते लिहून टाकावं. पण मी आता घरचा माणूस होतो, आणि घरच्या माणसाचं काम अडत नाही या एका आशेवर मी पहिला फॉर्म चौथ्यांदा भरून साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी तो दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला.

"यावर मी सही करू शकत नाही. कंपनीचा नियम आहे. नातेवाईकाच्या अर्जावर सही चालत नाही."

मी खुर्चीत बसलो. कोणी बसायला सांगितलं नव्हतं. आमच्या तालुक्यात माणूस नातं काढतो ते सहीसाठी, आणि इथे सही अडली होती नात्यासाठी! डोळ्यांपुढे मुक्ता आली, हाताने माझी उंची मापत. मी म्हटलं, "सर, मी तुमचा नातेवाईक नाही."

"पण गोदावरी एडवर्डची बहीण होती."

"होती."

"रक्ताची?"

"नाही सर."

"म्हणजे बहीण नव्हती."

"असं कसं, सर? दर दिवाळीला ओवाळायची ती त्याला."

मग मी टेबलावरचं पेपरवेट ताटात ठेवलेल्या दिव्यासारखं धरून साहेबांभोवती गोल फिरवून दाखवलं. दारातून त्यांच्या सेक्रेटरीने आत पाहिलं आणि दार लावून घेतलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि हे लेखी द्या म्हणाले. अन्वरने टाइप केलं, तीन प्रतींत, कंपनीच्या शिक्क्यासह: 'मी, खाली सही करणार, बुरोंडकर, पाइपिंग फोरमन, इंग्रज नाही. माझी आईही नाही. गोदावरी व यमुना ही एकच बाई असून तिचा रेव्हरंडांशी काहीही संबंध नाही. एडवर्ड यांना ती दर दिवाळीला ओवाळत असे.' साक्षीदार म्हणून अन्वरने सही केली. "इतका खरा कागद मी उभ्या जन्मात टाइप केला नाही," तो म्हणाला.

एक प्रत इंग्लंडला गेली आणि तसबीर पुन्हा भिंतीवर चढली. डोरोथीआत्याने उलट टपाली लिहिलं की एडवर्डला परदेशात कोणीतरी ओवाळणारं होतं हे वाचून ती रडली. एक प्रत फाइलला लागली. साहेबांनी पहिल्या फॉर्मवर सही केली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर सुमन आणि मुक्ता जेद्द्याला उतरल्या. विमानतळावर मुक्ता माझ्यासमोर उभी राहून मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "एवढेच?"

मी सुमनला सगळी कथा सांगितली, साहेबांचा भलेपणा जरा वाढवून. तीच चूक झाली. सुमन चार बहिणींतली थोरली, भाऊ नाही. भाऊबीजेला तिने साहेबांना जेद्द्यातल्या आमच्या भाड्याच्या घरी जेवायला बोलावलं. मला वाटलं, जेवायला.

साहेब हात धुऊन आले तर जमिनीवर पाट, पाटाभोवती रांगोळी. सुमन म्हणाली, "अहो, त्यांना बसायला सांगा ना. इतक्या लांब एकटे आहेत बिचारे." साहेब सहा फुटांचे. ते तीन टप्प्यांत बसले. तिने कुंकू लावलं, तांदूळ लावले, ओवाळलं. आणि तो माणूस, ज्याच्या चेहऱ्यावर कधी काही उमटत नसे, त्याने खिशातलं पेन काढून ताटात ठेवलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी ते कुंकू न पुसताच साइटवर आले. सेफ्टी ऑफिसरने हेल्मेटखाली लाल पाहिलं आणि डोक्याला इजा झाल्याचा रिपोर्ट भरून टाकला. मी मात्र खुशीत होतो. माझ्या हातात दुसरा फॉर्म होता, कायमचा. तो मी पुढे ठेवला.

साहेबांनी तो दोन बोटांनी परत सरकवला.

"सॉरी," ते म्हणाले. "मी तुमच्या मिसेसचा भाऊ आहे."

मी पुन्हा लेखी द्यायला तयार होतो. अन्वरने कागदही लावला. पण घरी हे नुसतं सुचवलं तेव्हा सुमनने माझ्याकडे असं पाहिलं, की कागद तसाच कोरा राहिला. "ओवाळलेला भाऊ परत करतात का कुठे?" पाहुणपणाचे तीन महिने संपत आले. मुक्ता आता माझ्या खांद्यावर बसून शाळा बघून आली होती, आणि मला फोनवर परत जायचं नव्हतं.

शेवटी साहेब नाताळच्या रजेवर गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीत आठवडाभर एक लेबनीज साहेब बसला. मी फॉर्म नेला. त्याने फाइल चाळली, भुवया उचलल्या आणि विचारलं, पेंबर्टन तुमचे कोण लागतात?

"कोणी नाही, सर," मी म्हटलं. "कामापुरती ओळख."

सही झाली. तेव्हापासून सुमन आणि मुक्ता जेद्द्यात माझ्याबरोबर राहिल्या, आणि दर भाऊबीजेला साहेब तीन टप्प्यांत पाटावर बसले. पण ती सही मी काय बोलून मिळवली, हे सुमनला मी आजतागायत सांगितलेलं नाही. माहेरच्या माणसांबद्दल ती फार हळवी आहे.