नवी केलेली पोत

इन्स्पेक्टरने एका बाईंना ग्रीन चॅनेलमधून बाजूला घेतलं आणि मला बोलावलं. म्हणाला, "मॅडम, नया सोना है. खुद बोल रही हैं."

नागपूर विमानतळावर कस्टममध्ये तेव्हा मी सुपरिंटेंडेंट होते. शारजाचं विमान नुकतंच उतरलं होतं. बाई कुरखेड्याजवळच्या, साठीच्या. लेकीच्या बाळंतपणासाठी काही महिने तिकडे राहून परतलेल्या. गळ्यात सोन्याच्या मण्यांची भरगच्च काळी पोत.

ग्रीन चॅनेलमधून जाणं म्हणजे 'ड्युटी लागेल असं माझ्याकडे काही नाही' हे न बोलता सांगणं. असेल त्याने रेड चॅनेलला जाऊन सांगायचं. परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्या बाईला ठरावीक वजनापर्यंत दागिने ड्युटीशिवाय आणता येतात. या बाईंना ती सवलत नव्हती. पोत तिकडची ठरली, तर जप्ती आणि वर दंड. इथून घालून गेलेला स्वतःचा दागिना असेल, तर काहीच लागत नाही. पण तसं दिसायला तरी हवं, आणि बाई तर उलटच सांगत होत्या.

मी विचारलं, तर मलाही तेच उत्तर. "हो मॅडम, पोत नवी केली. पोरीनं तिथीच करून देल्ली."

माझा इन्स्पेक्टर हरियाणाचा. त्याच्या दृष्टीने केस संपली होती. मला बाईंचा रागच आला. प्रवासी स्वतःच कबूल करायला लागल्यावर अधिकाऱ्याने करायचं काय?

वजनासाठी पोत काढायला सांगितली तेव्हा मात्र बाईंचा चेहरा पार उतरला. मालक घरी धडधाकट आहेत, गळा रिकामा कसा ठेवू, म्हणाल्या. पदराने डोळे पुसत पुटपुटल्या, "तिथी पोत नवी केली तवाबी पोरीनं गळ्यात हळकुंड बांधलं होतं."

मी मूल गावची, बाईंच्याच भागातली. हळकुंड म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. पोत नव्या दोऱ्यात गाठायला दिली की ती परत येईपर्यंत आमच्याकडे बायका दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालतात. दुकानातून नवीच घेतली असती, तर तोवर जुनी गळ्यात होतीच की. हळकुंड लागलंच कशाला?

"बाई, मनी कोनाचे?" मी बोलीतच विचारलं.

"माह्येच. लग्नातले. दोरा कुजला होता, तेवढा बदलवला."

"मंग नवी काऊन म्हनून राह्यल्या?"

"नवी केली तं नवीच म्हनीन ना, पोरी."

माझ्या माहेरची बोली आहे म्हणून कोणाला सोडता येत नाही. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "हळकुंडावर फाईल बंद होत नाही. तपासून घ्या."

मग अप्रेझरला, म्हणजे आमच्या सोनं पारखणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने भिंग लावलं. मण्यांची भोकं दोऱ्याने झिजून रुंद झालेली, आत जुनी लाख, तिकडच्या दुकानांचा शिक्का कुठेच नाही. बाहेर थांबलेल्या मुलाकडून बहिणीच्या लग्नातला फोटो मागवला. आईच्या गळ्यात हीच पोत, एक वाटी चेपलेली. समोरच्या पोतीतही तीच वाटी तशीच चेपलेली. साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "जाऊ द्या."

बाईंनी पोत गळ्यात घातली आणि माझाच जीव भांड्यात पडला. इन्स्पेक्टरने स्वतः त्यांची बॅग दारापर्यंत नेली.

जाताजाता बाई थांबल्या. "पुढल्या खेपेले कोनी इचारलं, तं काय सांगू?"

मी त्यांना समजावलं की जाण्याआधीच विमानतळावर कस्टमला दागिने दाखवायचे आणि एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. तो कागद असला की परतताना कोणी काही विचारत नाही. आणि तरीही विचारलंच, तर पोत जुनी म्हणायची.

"अन् दोरा?"

"दोऱ्यावर ड्युटी नाई लागत, बाई."