स्टेप ओव्हर द उंबरा

मी कल्याण सोडलं त्या सकाळीही बाबांनी माझ्याकडून धडा म्हणवून घेतलाच. खाली गाडी थांबली होती. धाकटा भाऊ नितीन दोन्ही बॅगा घेऊन पुढे गेला होता, आई गॅलरीत तोंडाला पदर लावून उभी होती आणि बाबा आमच्या खोलीच्या दारात वाट अडवून. "म्हटल्याशिवाय जायचं नाही." मग फिजिओथेरपीची पदवी घेतलेली मी, सव्वीस वर्षांची घोडी, अख्ख्या चाळीसमोर मोठ्याने म्हणाले, "आय स्टेप ओव्हर द उंबरा." पाय उचलून उंबरा ओलांडला. "आय वॉक अलाँग द गॅलरी." चालले. "आय गो डाउन द स्टेअर्स." उतरले. गाडीत बसताना म्हटलेलं बाबांना ऐकू गेलं नसणार, पण वर कठड्याला टेकून त्यांनी मान डोलावली. बरोबर उत्तराला डोलावत तशीच.

उंबऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते बाबांना ठाऊक नव्हतं. कोलशेतच्या कंपनीत ते स्टोअरकीपर होते. घरी आले की चहा पिऊन चाळीतल्या पोरांना फुकट इंग्रजी शिकवत. निळ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळा, आणि फळ्याचा उपयोग जवळजवळ नाहीच. त्यांचं म्हणणं, क्रियापद पायांनी शिकायचं. "मराठीत शिरणं वेगळं, चढणं वेगळं, ओलांडणं वेगळं. इंग्रजाकडे एकच गो. त्याला इन्टू लाव, अप लाव, अक्रॉस लाव, झालं काम!" असं म्हणून ते आम्हाला माळ्याच्या शिडीवर चढवायचे, पलंगाखालून रांगायला लावायचे, गॅलरीतून धावत आत आणायचे. क्रॉल अंडर, रन इन्टू, क्लाइम अप. शेजारच्या काकू डाळ निवडता निवडता हसायच्या. सगळा वर्ग उंबऱ्याला उंबराच म्हणायचा, द लावून.

त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे. "इंग्रज आधी सांगतो पाय कसा पडतो, मग सांगतो कुठे पडतो. वॉक, रन, क्रॉल आधी. इन्टू, आउट ऑफ मागून. म्हणून आधी पाय बघायचा."

इंग्लंडात, लीड्सला येऊन मला नऊ वर्षं झाली. इथल्या हॉस्पिटलमध्ये मी दिवसभर बाबांचाच धडा म्हणते. रोल ओव्हर ऑन्टू युवर साइड. स्लाइड टू द एज. स्टेप अप, नाउ स्टेप डाउन. ऐंशी वर्षांच्या गोऱ्या आज्या खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी माझ्या आवाजावर उभ्या राहतात. माझ्या बोलण्यातला ठाम सूर कुठून आला असं सिनिअरने एकदा विचारलं होतं. मी अभिमानाने म्हटलं, फ्रॉम होम.

त्या होमनेच मला फसवलं.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. मागे निळी भिंत, बुद्धाची तसबीर, फळा. समोर बाबा खुर्चीत. माझी मुलगी मैत्रेयी सहा वर्षांची झाली तसा त्यांनी तिला धडा द्यायला सुरुवात केली. ती इथल्या हॉलमध्ये उड्या मारायची, सोफ्यावर चढायची आणि मग सांगायची, "आजोबा, नाउ यू. स्टेप ओव्हर द उंबरा!" बाबा हसायचे. "आज नको बाळा, पाय दुखतोय." पुढच्या रविवारी जेवण जड झालेलं असायचं. त्याच्या पुढच्या रविवारी नेटवर्क जायचं. दिवसभर लोकांचे पाय बघून पोट भरणारी मी, मला काही दिसलं नाही. वय झालं, कंटाळत असतील, म्हटलं.

एका रविवारी मैत्रेयी हट्टाला पेटली, रडायला लागली. तिला समजवायला आई मागून बोलली, "अगं, इथं कुठंय उंबरा, बाई?" आणि जीभ चावली. मी ती चावताना पाहिली.

"इथं म्हणजे कुठं, आई?"

कॉल कट झाला. तासाभराने नितीनचा फोन. "ताई, ऐक ना, चिडू नको. तू टेन्शन घेशील म्हणून नाय सांगितलं."

बाबा अकरा महिन्यांपूर्वी चाळीच्या जिन्यावरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. जिना चढणं शक्य नाही म्हणून खोली विकून तिघं टिटवाळ्याला, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले होते. नितीनने तिथल्या एका भिंतीला हुबेहूब तोच निळा रंग दिला होता. तसबीर आणि फळा त्याच उंचीवर लावला होता. खुर्ची आणि फोन ठेवायच्या जागा ठरल्या होत्या. चाळीच्या ग्रुपवर मी आहे. त्या अकरा महिन्यांत सगळ्यांनी मला फुलांचे फोटो पाठवले, मैत्रेयीच्या वाढदिवसाला केकची चित्रं पाठवली. डाळ निवडणाऱ्या काकूंनीसुद्धा. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

खोली गेली म्हणून मी एवढी जळले नसते. पण खुब्याच्या ऑपरेशननंतरचे पहिले महिने म्हणजे काय, ते त्या घरात फक्त मला माहीत होतं. ज्या कामासाठी मला घराबाहेर काढलं, तेच काम घरात निघालं आणि मला सोडून सगळ्यांना कळवलं. परक्यांच्या आयांना मी उभं करत होते, आणि माझा बाप "आराम करा" या एका सल्ल्यावर खुर्चीला चिकटत चालला होता.

तीन आठवड्यांची रजा टाकून टिटवाळ्याला गेले. फ्लॅट स्वच्छ, हवेशीर, दारापासून मोरीपर्यंत एकसारख्या गुळगुळीत फरशा. बाबा म्हणाले, "आलीस?" पहिला दिवसभर मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसले. पोटरी माझ्या मुठीत मावत होती.

दुसऱ्या सकाळी वॉकर समोर ठेवला. "उठा."

"नाही जमत गं."

"माझ्या पेशंटांना असं म्हणायची सोय नाही."

"तू रागावून शिकवतेस. रागावून शिकवू नये."

"आणि खोटं बोलून शिकवावं?"

आई स्वयंपाकघरात गेली. बाबांनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुला बाहेर पाठवायला मी बारा वर्षं घसा फोडला. माझ्या एका हाडापायी तू सगळं टाकून आली असतीस. आली असतीस की नाही, सांग."

आले असते. म्हणूनच राग जास्त आला. त्यांनी माझं उत्तर अचूक ओळखलं, आणि ते द्यायची संधीच मला दिली नाही. हे मी त्यांना तसंच तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि वॉकरला हात लावला.

तीन आठवड्यांत ते पलंगापासून बेडरूमच्या दारापर्यंत जाऊ लागले. मी आधी आले असते तर त्यांना स्टेशनपर्यंत नेलं असतं. मी निघायच्या दिवशी ते बेडरूमच्या दारापर्यंत आले, पण धडा म्हणायला सांगितला नाही. मीही आपणहून म्हटला नाही. लिफ्टचं दार बंद झालं.

तुमच्यापैकी जे घर सोडून दूर गेलात, त्यांना एवढंच सांगते की स्क्रीनमागच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका. आणि जे मागे राहिलात, त्यांनी आमची काळजी करण्याच्या नावाखाली आम्हाला परकं करू नका. नितीनला मी अजून नीट माफ केलेलं नाही. आईशी बोलते, पण तिने "सगळं ठीक" म्हटलं की माझा विश्वास बसत नाही.

हल्ली रविवारी कॉल लागला की मी कसे आहात असं विचारत नाही. म्हणते, "फोन खाली करा." नितीन फोन जमिनीवर टेकवतो. निळी भिंत जाते, तसबीर जाते, बाबांचा हसरा चेहरा जातो. उरतात गुळगुळीत फरशीवरचे दोन पाय आणि वॉकरचे चार. मैत्रेयी त्यांच्या पायांपुढे आडवा ठेवलेला झाडू स्क्रीनवर दाखवून ओरडते, "आजोबा, स्टेप ओव्हर द उंबरा!" डावा पाय उचलला जातो, थरथरतो, झाडूपलीकडे पडतो. माझं घर आता एवढंच आहे, आणि मी डोळ्यांनी पाहते तेवढंच खरं धरते. बाबा वरून काहीतरी सांगत असतात. मी ऐकत नाही, उजवा पाय कसा पडतो ते बघत असते.