नवस माझा, उपास नातीला

देवीवर माझी श्रद्धा होती, पण भरवसा नव्हता. हे दोन्ही एकच, असं मी साठी उलटेपर्यंत समजत होते. तो फरक मला माहूरच्या पायऱ्यांवर कळला, आणि तोही माझ्या नातीच्या पोटाला चिमटा बसल्यावर. म्हणून हे लिहिताना आनंद जेवढा आहे, तेवढीच लाजही आहे.

निलंगा तालुक्यातल्या एका गावात मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवली. माझ्या वजनकाट्याच्या झोळीत लोंबकळलं नाही असं लेकरू त्या गावात सापडायचं नाही. सहा महिने भरले की बाळाचं उष्टावण, म्हणजे अन्नाचा पहिला घास, मी अंगणवाडीतच उरकून घ्यायची. ओवाळायचं, वरणभाताचं बोट चाटवायचं आणि आईला बजावायचं, की आता नुसत्या दुधावर भागायचं नाही. जी टाळाटाळ करील तिच्या दारात जाऊन भांडायची. "लेकराची भूक तुमच्या मुहूर्तासाठी थांबत न्हाई," असं एका सुनेला मी तिच्या सासूदेखत सुनावलं होतं. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. कुणी तोंडावर बोलत नसे, पण माघारी मला 'फौजदारीण' म्हणायचे, हे मला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी नांदेडला दिलेल्या माझ्या लेकीला दिवस गेले. पहिल्याच तपासणीत तिच्या रक्तात एचआयव्ही निघाला. मग जावयांचंही रक्त तपासलं, तेही तसंच. हा शब्द मी आज लिहिते आहे, पण तेव्हा तो तोंडातून काढायलाही मला जमत नव्हतं. गावात मी सांगितलं, की लेकीला रक्त कमी आहे, तिच्याजवळ राहावं लागेल. गाठोडं बांधलं आणि नांदेडला आले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धीर दिला. गोळ्या वेळेवर घेतल्या, बाळाला औषध पाजलं आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही दिला नाही, तर बाळ सुखरूप राहण्याची चांगली आशा आहे, असं त्यांनी समजावलं. लेकीनं एक गोळी चुकवली नाही. मुलगी झाली, तिचं नाव ओवी ठेवलं.

ज्या दिवशी ती जन्मली, त्या दिवशी वॉर्डाबाहेर उभं राहून मी माहूरच्या दिशेनं हात जोडले. म्हणाले, "आई रेणुके, माझ्या नातीचा शेवटचा रिपोर्ट चांगला येऊ दे. तोवर तिच्या तोंडात अन्नाचा कण जाणार नाही. पहिला घास तुझ्या दारातच भरवीन." मला वाटलं होतं, तपासण्या दोनच. एक दीड महिन्यानं, दुसरी सहा महिन्यांनी. उष्टावणही सहाव्या महिन्यातच येतं, म्हणजे नवस आपोआप जुळतो. एवढी वर्षं लोकांना शहाणपण शिकवलेली बाई मी, पण पुरतं विचारून घ्यावं हे मला सुचलं नाही.

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. मी माहूरला जायच्या तयारीला लागले, तर समुपदेशन करणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "आता अंगावरचं पिणं सुटल्यावर, दीड वर्षाची झाली की शेवटची तपासणी. मग आपण सुटलो." शेवटची! मी देवीला 'शेवटचा' म्हणाले होते. दुसऱ्या कुणी मला हे विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की देवीला कळतं बाई, तुझ्या मनात काय होतं ते. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा मला वाटलं, दिलेला शब्द मागं घेतला तर देवी दिलेलं लेकरू मागं घेईल.

लेकीला मी सांगितलं, अजून वर्षभर अन्न द्यायचं नाही. तिचे डोळे भरले. "आई, तूच म्हणायचीस ना, सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधानं लेकरू वाळतं?" मी म्हटलं, "ते लोकांच्या लेकरांचं. आपलं येगळं हाय." मी गावभरची लेकरं वाढवलेली, माझ्यापुढं ती काय बोलणार? दवाखान्यात काय भरवता असं विचारलं की खिचडी, वरण, केळं असं सांग, हेही मीच तिला शिकवलं. प्रत्यक्षात ओवीला मिळायचं आईचं दूध आणि वर थोडं पाणी घातलेलं गाईचं दूध.

सातव्या महिन्यात वजन थांबलं, आठव्यात उतरलं. डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा तपासायच्या, रक्त पाठवायच्या, आणि त्यांना काही उमगत नसे. उमगणार कसं, आम्ही खरं सांगत नव्हतो. लेक रात्रंदिवस एकच म्हणायची, "रोगच दिसायला लागलाय." मलाही तेच वाटायचं, आणि ओवी जसजशी वाळत गेली तसतशी मी नवसाला जास्तच घट्ट धरून बसले. एकदा तिच्या बारीकशा दंडाला मी माझी जुनी मोजपट्टी लावली. घेर लाल रंगावर, म्हणजे अतिकुपोषणावर आला. दुसऱ्याच्या घरी लाल रंग दिसला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी ती पट्टी गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली.

नववा महिना लागला तेव्हा तिचं वजन साडेपाच किलो होतं. रडायचीही नाही, नुसती बघत राहायची. शेवटी मी म्हटलं, देवीलाच जाऊन विचारू. आम्ही तिघी एसटीनं माहूरला गेलो. मंगळवार होता, रांग मोठी. माहूरला देवीला कुटलेल्या विड्याचा प्रसाद असतो, त्यामुळं पायऱ्यांच्या कडेला विडा कुटणाऱ्या बायका खलबत्ते घेऊन बसलेल्या असतात. दुपार झाली होती. माझे गुडघे दुखायला लागले म्हणून मी ओवीला घेऊन त्यांतल्या एका म्हातारीशेजारी टेकले. लेक रांगेत उभी राहिली. म्हातारी खलबत्ता बाजूला सारून जेवत होती. ताटलीत वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकर होती.

ओवी तोवर माझ्या खांद्यावर मान टाकून पडली होती. ती एकाएकी वळली आणि अख्खी त्या ताटलीवर झुकली. मी ओढायच्या आत तिची मूठ वरणात गेली होती, आणि मूठ तोंडात. मी किंचाळलेच. तिची बोटं तोंडातून काढायला लागले. म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"काय वो माय, इख हाय का ते? खाऊ दे की. किती म्हैन्याची हाय?"

"नऊ."

"नऊ? आन अजून अन्न न्हाई दिलं?"

अनोळखी माणसाला खरं सांगणं सोपं जातं. रोगाचं नाव मी घेतलं नाही, पण बाकी सगळं एका दमात सांगून टाकलं. लेकीचं दुखणं, तपासणीचा कागद, नवस, तो एक शब्द. म्हातारी ऐकत राहिली. ओवी तिच्या ताटलीत पुन्हा हात घालत होती आणि ती ताटली पुढं करत होती. मग ती म्हणाली, "नवस तुझा, आन उपास लेकराला? तू बोललीस ना, मंग तू उपाशी ऱ्हा. तिनं कुठं शबूद दिला व्हता?"

माझ्या तिखट जिभेला पहिल्यांदाच कुणी गप्प केलं होतं.

"आन घास तं आईच्या दारातच घेतला की तिनं," म्हातारी म्हणाली. "अजून कोणतं दार पायजे तुला? कागदाचं आई बघंल. तू तेवढं लेकराचं प्वाट बघ."

मी तिथंच पायरीवर बसून रडले. दीड वर्षाचं सगळं एकदमच बाहेर आलं. लेक रांग सोडून धावत आली. तिला वाटलं, ओवीला काही झालं. तिनं पाहिलं तर ओवीच्या हनुवटीवरून वरण ओघळत होतं. ती खाली बसली, ताटलीतला मऊ घास बोटानं आणखी मऊ केला आणि ओवीच्या तोंडात घातला. उष्टावण झालं. ओवाळायला ताट नव्हतं, नवं झबलं नव्हतं, आणि भरवणारी मी नव्हते. दर्शनाला पोचले तेव्हा देवीच्या त्या मोठ्या, शेंदरी मुखाकडं बघून मला एकही मागणं आठवलं नाही. मी फक्त म्हणाले, "चुकले आई."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या माझ्यावर रागावल्या, आणि रागवायलाच हवं होतं. ओवीला दवाखान्यात ठेवून घेतलं, आधी थोडंथोडं, मग वाढवत अन्न दिलं. रक्ताचा नवा कागदही चांगला आला. "हिला कसला रोग नाही, आजी. ही उपाशी होती," असं त्या म्हणाल्या, ते वाक्य माझ्या काळजात अजून तसंच रुतून आहे. घरी आल्यावर मी मुगाची खिचडी, तेलाचा थेंब घातलेली नाचणीची पेज, कुस्करलेलं अंडं असं सगळं करायला लागले. देवी धर्म बघते, अंडं बघत नाही, असं मीच मला सांगितलं. काटा हळूहळू वर सरकला. मी नवसापायी स्वतः मंगळवारचं जेवण सोडलं, आणि खरं सांगते, मला ते जडही गेलं नाही. लेकराला मात्र ते किती जड गेलं होतं!

त्या म्हातारीला साडी द्यायला मी नंतर माहूरला गेले होते. तिच्या जागी दुसरी बाई बसली होती. तिला काही माहीत नव्हतं. मी फार विचारपूस केली नाही. साडी देवीच्या ओटीत घातली.

दीड वर्षाची झाल्यावर ओवीची शेवटची तपासणी झाली आणि तीही चांगली आली. कागद हातात धरून लेक बाकावर बसून राहिली. मग तिनं विचारलं, "आई, वाईट आला असता तर गं?"

वर्षभरापूर्वी तिनं हे विचारलं असतं, तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला असता. आता मला उत्तर शोधावं लागलं नाही.

"तर काय," मी म्हटलं, "गोळ्या दिल्या असत्या, आन सांजच्याला तूप घालून गुरगुट्या भात भरवला असता. उठ आता. तिची जेवायची वेळ झाली."