सात सोमवारांचा आठवडा

"आज सोमवार!"

खारदांड्याची कोळीण डोक्यावरची टोपली खाली उतरवायच्या आतच तात्या हात जोडून हे सांगून टाकायचे. ती एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. वार असायचा बुधवार.

"काय वो दादा, तुमच्याकडं आठवड्याला किती सोमवार येतान?"

"सध्या पाच," तात्या शांतपणे म्हणायचे. "म्हयन्याभरान सात होतले."

नाव सांगत बसत नाही. वाकोल्याच्या आमच्या चाळीत आणि अंधेरीच्या आमच्या कारखान्यातही त्यांना सगळे तात्याच म्हणायचे. ते टूलरूममध्ये फिटर, मी त्यांच्या हाताखाली. राहायलाही शेजारीशेजारी, त्यामुळे दिवसभर त्यांचा ओरडा खायचा आणि संध्याकाळी त्यांच्याच घरी चहा प्यायचा, असं माझं चाललं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मालवणी माणूस मासे सोडतो म्हणजे एक तर त्याने बाबा-महाराज केलेत, नाहीतर त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, अशी सरळ समजूत होती.

आणि हा माणूस तर कसला खाणारा! मी साताऱ्याकडचा, मला बांगडा आणि पेडवा सारखेच. तात्या बाजारात कल्ला उचलून बघायचे आणि मासा काल सकाळचा की संध्याकाळचा ते सांगायचे. काटे काढण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुपारी माझ्या ताटातला मासा ओढून घ्यायचे, दोन बोटांनी अख्खा काटा उपसून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "खा आता. घाटावरचो तू, मरशीत खंय तरी."

मग काकींचे पाय सुजायला लागले.

काकी म्हणजे त्यांची बायको. बारीक अंगाची, तोंडाची फटकळ. मूलबाळ नव्हतं, दोघंच. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, मूत्रपिंडं कमजोर झालीत. मासे, मटण, अंडी बंद. मीठ नावाला. दिवाळीपर्यंत हळूहळू सगळं सोडा, पण सोडाच. "पाळलंत तर बरीच वर्षं काढाल, बाई. नाही पाळलंत तर पुढचं माझ्या हातात नाही."

घरी येऊन काकी पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मगे जगान करू काय?"

तात्यांनी त्यांना धीर वगैरे दिला नाही. कॅलेंडर काढून घेतलं. सोमवार, गुरुवार, शनिवार त्यांच्या घरात तसेही माशांशिवायचे. उरले चार. "एकदम नको," ते म्हणाले. "कानस दाबून मारली तर जॉब वाया जाता. एक एक वार काढूया." पहिल्यांदा मंगळवार गेला, तीन आठवड्यांनी बुधवार, मग शुक्रवार. रविवार शेवटी ठेवला. आणि प्रत्येक गेलेल्या वाराला ते सोमवार म्हणायचे. सोमवारची काकींना सवय होती ना, लहानपणापासून! त्या दिवशी मासा आठवतच नसे, आठवला तरी मागायचा नसतो. तेवढ्या सवयीवर त्यांनी सगळा आठवडा उभा केला.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नाही. डॉक्टरांनी सोडायला सांगितलं होतं काकींना. हे कशाला सोडतायत? मी डबा खाताना तोंडावर विचारलं.

"एकट्यान केल्यार ती उपासमार," ते म्हणाले. "दोघांनी केल्यार जेवण."

मला ते काहीतरीच वाटलं. खरं सांगायचं तर मूर्खपणा वाटला.

दिवाळी झाली. सातही सोमवार बसले. पण काकींच्या पायाची सूज काही हलेना. डॉक्टर वैतागले. मी सोबत होतो, म्हणून ऐकलं.

"काय खाता रोज?"

"भाजी, डाक्टर. फक्त भाजी."

"कुठली?"

"वांग्याची, दुधयाची, मुळ्याची. वायच सुकट घालतंय, चवीपुरती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सुकट म्हणजे?"

"सुकी कोळंबी, बारीक."

"अहो बाई, मग ते मासेच की!"

काकींनी तात्यांकडे बघितलं, तात्यांनी काकींकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. त्यांच्या हिशेबी कोणी खोटं बोललं नव्हतं. मासा तो, जो टोपलीतून येतो आणि ताटात दिसतो. सुकट तर मसाल्याच्या फळीवर हळदीशेजारी! ती भाजीत नाही घातली तर भाजी कसली? कोकणातल्या अर्ध्या सुगरणींना विचारा, त्याही हेच सांगतील. आणि खारवलेली ती सुकट म्हणजे मिठाचंही पथ्य बुडालं होतं.

बाहेर आल्यावर तात्या रस्त्यातच थांबले. "चार म्हयने मी तिका इख घालत होतंय," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. कारखान्यात साहेबालाही न घाबरणारा माणूस. मी म्हटलं, तात्या, चहा घेऊ. तो त्यांनी घेतला नाही.

त्याच संध्याकाळी सुकटीचा डबा माझ्या घरी आला. त्यांच्या घरातली फळी राखेने तीनदा घासली तरी वास जाईना, तेव्हा त्यांनी ती फळीच काढली आणि नवी ठोकली. आमचं मात्र दोन महिने झकास चाललं.

यानंतर तात्या स्वतः स्वयंपाकघरात घुसले. मीठ नाही, मासा नाही, तर चव आणायची कुठून? आमसूल, तिरफळं, लिंबू, ओला नारळ, लसूण, सगळं करून बघितलं. फणस, केळफूल, आळू झालं. आणि एका रविवारी सुरण आणला. आता सुरणाचे काप सगळेच करतात, पण ह्यांनी सुरीने आणि नंतर चक्क कारखान्यातल्या सवयीने डोळ्यासमोर धरून धरून त्याला सुरमईच्या तुकडीचा आकार दिला. मधे हाडाच्या जागी छोटं भोक. रवा लावून तळले आणि काकींपुढे ठेवले.

काकींनी तुकडी उलटीसुलटी बघितली. "ह्येका काटो खंय?"

"मी काढलंय," तात्या म्हणाले.

काकी अशा हसल्या की ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. त्या आजारात त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

हळूहळू सूज उतरली. वर्षभराने डॉक्टर खूश, दुसऱ्या वर्षी आणखी खूश. पण काकींना आता वेगळंच खुपायला लागलं. एक दिवस तात्या बाहेर गेलेले बघून त्यांनी मला हाक मारली.

"रविवारी खालच्या घरात बांगडे तळतत ना, तेव्हा हे खिडकी लावन घेतत. माका वास येव नये म्हणान. पण स्वतः खिडकीच्या फटीकडे उभे ऱ्हवतत. तेंका खंय तरी घेवन जा रे. माका वायट वाटाचा नाय. माझ्यामुळे तेंचा जेवणच गेला."

मी नेलं. अंधेरी स्टेशनजवळच्या मालवणी खानावळीत, सुट्टीच्या दिवशी. न विचारता दोन ताटं मागवली, सुरमई आणि सोलकढी. ताट समोर आलं तेव्हा तात्यांच्या नाकपुड्या हलल्या. मी बघितलं. त्यांनी दोन्ही ताटांतले मासे घेतले, काटे काढले आणि सगळं माझ्यापुढे सरकवलं. स्वतः सोलकढी-भात कालवला.

मी भडकलो. "अहो तात्या, काकींनीच पाठवलंय! कोण बघतंय इथे?"

"तिनाच पाठवल्यान ह्या माका म्हायत असा," ते म्हणाले. "पण मी आज एक खाल्लंय तर ती उद्या अर्धो खातली. हट्टान नाय रे, बराबरीन. तेवीस वर्षा ती माझ्या बराबर जेवता. तिचो अर्धो माका नको."

मग म्हणाले, "तू खा. मी बघतंय." आणि खरंच, मी खाईपर्यंत हा माणूस गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत बसला. असं जेवण मी पुन्हा कधी जेवलो नाही आणि जेवायची इच्छाही नाही.

काकींना मी सगळं सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि तांदूळ निवडायला बसल्या.

अशी सहा वर्षं गेली. आम्हा सगळ्यांचं लक्ष काकींकडे. त्यांना बरं आहे ना, दमल्या तर नाहीत ना. तात्यांकडे बघायला कोणालाच सुचलं नाही. एका सकाळी दाढी करता करता तात्या खुर्चीत मागे टेकले. साबण तसाच गालावर. मी धावत गेलो तेव्हा सगळं संपलं होतं.

तेराव्याला गोड झालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माहेरच्यांनी तिखट, म्हणजे मासे, करून सुतक संपवायचं होतं. भाऊ-भावजय गावाहून आले होते. भावजय मासे साफ करायला बसली, तर काकी म्हणाल्या, "बाजूक हो."

सहा वर्षांनी त्यांनी सुरमईला हात लावला. खवले काढले, तुकड्या केल्या, नारळ वाटला. आमटी उकळल्यावर पळी माझ्यापुढे धरली. "मीठ बघ रे. माका चाखूचा नाय." मी चाखलं. बरोबर होतं. मी मान हलवली.

तात्यांच्या फोटोपुढे त्यांनी केळीचं पान मांडलं. भात, आमटी, दोन तळलेल्या तुकड्या, सोलकढी. मग स्वतःचं ताट घेऊन फोटोसमोरच बसल्या. ताटात भाकरी आणि बिनमिठाची दुधीची भाजी.

भाऊ कळवळून म्हणाला, "आजच्या दिसाक वायच आमटी तरी घे गो."

"नको," काकी म्हणाल्या. "सहा वर्षा तेंनी माका जगवल्यानी. मी ता एका दिसात घालवू?"

मग फोटोकडे बघून, रोज वाढताना बोलाव्यात तशा बोलल्या, "जेवा तुमी सावकाश. मी बरी असंय."

आणि त्यांनी भाकरी मोडली. घरात कोणीच जेवायला सुरुवात केली नव्हती. पहिला घास त्यांनी घेतला.