डाव्या हाताचा विडा

लग्न होऊन मी कोळवण खोऱ्यात आले, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात पौडला तंबूचा सिनेमा आला. भातं झोडून झाली होती आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, कधी नव्हे ते खुशीत होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात बायकामाणसं म्हणजे मी आणि माझी धाकटी नणंद, दोघीच. बैलगाडी जुंपून आम्ही सगळे निघालो.

सिनेमा पेशवाईतला. सरदाराची मुलगी आणि तिच्या घोड्याची निगा राखणारा मोतद्दार यांची गोष्ट. असं कुठे असतं का, म्हणून मी नाक मुरडायच्या तयारीतच बसले होते. पण काय ते घोडे, काय ती माणसं! शेवटाकडे बाप तिला भर दरबारात सांगतो, तुला हवा त्याला विडा दे. सरदारांची मुलं ओळीनं बसलेली. ती सगळ्यांना ओलांडून जाते आणि विडा मोतद्दाराच्या हातावर ठेवते. पुढे दोघं पळून जातात आणि नदीच्या पुरात बुडतात. ते पळणं मला पटलं नाही, पण तो विडा मी जन्मात विसरणार नाही. अशी छाती पाहिजे बाईला.

तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढच्या बाजूला आमच्यासारखी जमीनवाली घरं, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. पडद्याच्या मागे स्वस्त तिकीट. तिथे मजूर, मेंढपाळ असे सगळे दाटीनं बसायचे. कापड पातळ, त्यामुळे चित्र मागूनही दिसे, फक्त उजव्याचं डावं होऊन. माझं माहेर गरीब, मी लहानपणी सगळे सिनेमे मागूनच पाहिलेले. कितीतरी वर्षं मला वाटायचं, राजेलोक सगळे डावखुरेच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे पुन्हा विड्याचाच विषय निघाला. नणंद भाकरी थापत होती, रंगात आली होती.

"अन् विडा कसा दिला बघितला का? डाव्या हातानं! मुद्दाम! बापाच्या नाकावर टिच्चून!"

माझा हात जागीच थांबला. विडा उजव्या हातानं दिला होता. देवाला, पाहुण्याला, कुणालाही डाव्या हातानं काही देत नाहीत, मग विडा कुठला देणार? रात्री ती मला म्हणाली होती, मैत्रिणीपाशी बसते. माझे यजमान हसले, "येडी का काय तू!" मामंजी मात्र हसले नाहीत. त्यांनीही आयुष्यभर जत्रांतले तंबू पालथे घातले होते; पडद्यामागून उजव्याचं डावं दिसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"पडद्यामागं कुनाशेजारी बसली हुतीस?" त्यांनी विचारलं.

"मामंजी, वन्सं झोपेत असतील, त्यांना..."

"सूनबाई, तू थांब."

नणंदेनं हातातली भाकरी नीट तव्यावर टाकली. खोटं बोलायला वाव होता, मी तिला तो करूनही दिला होता. तिनं तो घेतला नाही.

"घोटावड्याच्या मेंढपाळाचा थोरला. आपल्या वावरात दर साली खतासाटी मेंढरं बसवायला येतो, त्यो. लगीन करीन तर त्याच्याशीच."

"शिनेमा बघून डोकं फिरलंय तुझं!"

"शिनेमातली पळाली. मी पळायची न्हाई. तुमी हितनं, दिवसाढवळ्या वाटं लावाल, तवाच जाईन. न्हाई लावलं तर हितंच ऱ्हाईन. पर दुसऱ्याच्या घरी जायची न्हाई."

आणि बोलली तशीच वागली हो. त्या वर्षी मामंजींनी वावरात मेंढरं बसवू दिली नाहीत. लेकीशी बोलणं टाकलं, ताट माझ्याच हातून घ्यायचे. ती मात्र त्यांच्या अंघोळीचं पाणी रोज काढून ठेवायची. पाहुणे बघायला आले की नीट पदर घेऊन पाणी द्यायची आणि स्वतःच सांगायची, माझं मन दुसरीकडं हाय. भावकीत छीथू झाली. मी एकदा चिडून म्हणाले, "वन्सं, निदान रडा तरी एकदा!"

"कशाला? कोन मेलंय?"

मला तिचा राग यायचा आणि तिच्या पाया पडावंसंही वाटायचं.

वर्ष-दीड वर्षानं एका सकाळी मामंजींनी फेटा बांधला. "सूनबाई, घोटावड्याला जायचंय. बाईमानूस बरूबर पायजे." मी नाचायचीच बाकी होते. आता काय, आम्ही हो म्हटलं की झालंच, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

मुलाच्या बापानं घोंगडी टाकली, पाणी दिलं. लोकरीचं सूत काढता काढता म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "न्हाई जमायचं, आबा."

मामंजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुमाला भावकी हाय, तशी आमालाबी हाय. आमच्यातबी वाळीत टाकत्यात."

ज्या लेकीशी दीड वर्ष बोलले नव्हते, तिची वकिली मामंजी आता हिरिरीनं करू लागले. तालुक्यात अशी दुसरी दावा, बोलली ते करून दावती, एका शब्दाची हाय! मी पदर तोंडाला लावला. हसू येत होतं आणि अभिमानानं ऊरही भरून आला होता.

म्हाताऱ्यानं हातातलं सूत खाली ठेवलं. "पोरगी सोनं हाय, ठावं हाय मला. सवाल तिचा न्हाई, तुमचा हाय. उद्या तुमच्या ओट्यावर चार मानसं बसल्याली असतील अन् माझा पोरगा आला, तर त्यानं बसायचं कुटं?"

मुलगा मेंढवाड्याच्या कुंपणापाशी मेंढरांत उभा होता. आमच्याकडे आला की तो ओट्याखालीच बसायचा, अंगणात. मामंजींनी सरकून घोंगडीवर जागा केली.

"या जावईबापू," ते मोठ्यानं म्हणाले. "हितं बसा, माझ्याजवळ."

तो जागचा हलला नाही. बापाकडे बघत उभा राहिला. मामंजी रिकाम्या जागेवर हात ठेवून तसेच थांबले, फेट्याखाली घाम आलेला. म्हाताऱ्यानं मान डोलावली, तेव्हा कुठे तो आला आणि बसला.