प्रोटीनच्या डब्याखाली माझी लाल फुली

जिमला जाणाऱ्यांनो, हे वाचा.

आज सकाळी कामतघरच्या जिममध्ये वजनं उचलून झाल्यावर ट्रेनरने माझी मैत्रीण रुबीना हिच्यापुढे शेकर धरला. "पिऊन टाका दीदी, अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं पाहिजे."

शेकरला भिजलेल्या गोणपाटासारखा वास येत होता. मी पावडरचा डबा मागितला. तारखेवर नवं स्टिकर होतं. डबा उलटा केला, तर तळाशी लाल मार्करची फुली आणि माझी सही.

मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये माल तपासते. पाणी शिरलेले हे डबे मागच्या आठवड्यात मीच बाद केले होते.

"मॅडम, पावडरला काय होतंय? सगळेच पितात," ट्रेनर हसला.

"म्हणजे चार दिवस मी हे पितेय?" रुबीनाने शेकर मोरीत ओतला. पिवळ्या गाठी जाळीवर अडकल्या.

त्यापेक्षा जास्त किळस मला स्वतःची आली. 'माल नष्ट केला' या कागदावर मी डबे खरंच फोडले का ते न बघता सही केली होती.

घरी येऊन दोघींनी उकडलेली अंडी, भाकरी आणि ताक घेतलं. मी सहीचं सांगितल्यावर रुबीना ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेली.

यापुढे डबे माझ्यासमोर फुटल्याशिवाय मी सही करणार नाही. तुमच्या जिममधला डबा कधी उलटा करून बघितलाय?